मोबाइल नकाशावर दृश्यक्षेत्र काढणे: कळसूबाईवरून नेमके काय दिसेल?

एखाद्या जागी उभे राहिले तर कुठला मुलूख दिसेल आणि कुठला डोंगराआड जाईल, हे गणित आता फोनवर करता येते. याला दृश्यक्षेत्र किंवा सरळ व्ह्यूशेड म्हणतात. नकाशावरच्या त्या बिंदूवर प्रखर दिवा लावला तर उजेड जिथे पोहोचेल तेवढा भाग ॲप रंगवते, सावलीतला भाग कोरा ठेवते. ट्रेकची आखणी, फोटोची जागा, वायरलेस संचाचा पल्ला, वणव्यावर नजर ठेवायची टेहळणीची जागा अशा कितीतरी कामांना हे उपयोगी पडते.

नकाशा रंगायला फार वेळ लागत नाही. तो रंग खरा निघेल का, हा खरा प्रश्न. बिंदू कुठे टेकवला, त्याला उंची काय दिली आणि त्याच्या भोवतालची पहिल्या अर्ध्या किलोमीटरची जमीन डेटात कशी उतरली आहे, या तीन गोष्टींवर बहुतेक सगळे ठरते. ॲप कुठले, हे त्यामानाने गौण. म्हणून इथे एका ॲपच्या बटणांपेक्षा या तीन गोष्टींवर जास्त भर आहे. उदाहरण कळसूबाईचे घेऊ: उंची १६४६ मीटर, अक्षांश साधारण १९.६० उत्तर, रेखांश ७३.७१ पूर्व.

आधी उंचीचा डेटा

दृश्यक्षेत्र नकाशाच्या चित्रावरून निघत नाही. त्याला जमिनीच्या उंचीची आकड्यांची जाळी लागते, म्हणजे डीईएम. सर्वांत जास्त वापरात असलेली जाळी एसआरटीएमची. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने मोजलेली. ती एचजीटी फाइलींच्या रूपात मिळते आणि ऑफलाइन चालणारी बरीच नकाशा ॲप ती थेट वाचतात. नासाच्या अर्थडेटा या संकेतस्थळावर मोफत खाते उघडून ती उतरवता येते.

एक फाइल म्हणजे एक अंश गुणिले एक अंशाचा चौकोन. फाइलीच्या नावात त्या चौकोनाच्या नैऋत्य, म्हणजे खालच्या डाव्या, कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश असतात. कळसूबाईची फाइल ‘एन१९ई०७३’, अर्थात नाव इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत. हे नाव बदलू नका. ॲप फाइलीची जागा नावावरूनच ओळखते. उतरवताना नावात जास्तीची अक्षरे जोडलेली झिप मिळते; ती उघडून आतली मूळ एचजीटी फाइल ॲपच्या उंचीच्या फोल्डरमध्ये ठेवायची.

फाइल धड उतरली का, हे आकारावरून लगेच कळते. एक सेकंदाच्या (इथे सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जाळीत ३६०१ गुणिले ३६०१ आकडे असतात आणि प्रत्येक आकडा दोन बाइटचा, म्हणून फाइल बरोबर २,५९,३४,४०२ बाइटची असते. तीन सेकंदांची जाळी १२०१ गुणिले १२०१ ची, तिचा आकार २८,८४,८०२ बाइट. याहून एक बाइट जरी कमी असला तरी डाउनलोड अर्धवट राहिले आहे. एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३० मीटर, तीन सेकंद म्हणजे सुमारे ९० मीटर. सह्याद्रीसाठी ३० मीटरचीच जाळी घ्या. ९० मीटरच्या जाळीत आपल्याकडचे कडे पार बोथट होतात, अरुंद सोंडा आणि खिंडी तर गायबच होतात.

आता फाइली किती लागतील ते पाहा. कळसूबाईवरून २५ किलोमीटरचे वर्तुळ काढले तर ते एका चौकोनात मावते. ५० किलोमीटरचे काढले की उत्तरेला ते २० अंशांची रेघ ओलांडते आणि पूर्वेला ७४ अंशांची. म्हणजे एन१९ई०७३ च्या जोडीला एन१९ई०७४ आणि एन२०ई०७३ अशा आणखी दोन फाइली लागतात. यातली एखादी नसेल तर काही ॲप तिथली उंची शून्य धरतात, काही तो भाग सोडून देतात. निकालात उभी किंवा आडवी सरळ कड दिसली आणि तिच्यापलीकडे सगळे कोरे किंवा सगळेच रंगलेले असेल, तर आधी हेच तपासा. डोंगर अक्षांश-रेखांशाच्या रेघा पाळत नाहीत.

इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट-१ उपग्रहावरून बनवलेला कार्टोडीईएमही ३० मीटरच्या जाळीत मोफत मिळतो. तो टिफ स्वरूपात येतो आणि त्यातली उंची समुद्रसपाटीपासून नसून लंबगोलापासून, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून, मोजलेली असते. तो आणि एसआरटीएम एकाच फोल्डरमध्ये मिसळू नका. कारण पुढे येतेच.

बिंदू टेकवणे

ॲपमध्ये सहसा नकाशावर बोट दाबून धरले की बिंदूचा मेनू उघडतो. त्यात व्ह्यूशेड, दिसणारा भाग किंवा दृश्यमानता अशा अर्थाचा पर्याय असतो. नसेल तर टूल्समध्ये शोधा. तो निवडण्याआधी नकाशा जेवढा मोठा करता येईल तेवढा करा. बोटाच्या जाडीने होणारी ४०-५० मीटरची चूक इथे महागात पडते.

कळसूबाईसारख्या टोकदार माथ्यावर पहिली अडचण अशी की जाळीतल्या एका चौकटीची बाजू ३० मीटर आणि तिला उंची एकच. अरुंद माथा आणि त्याच्या बाजूचे उतार यांची सरासरी होते आणि माथा खऱ्यापेक्षा बुटका नोंदला जातो. बिंदूवर टिचकी मारून ॲप तिथली उंची किती दाखवते ते पाहा. १६४६ पेक्षा कमी असेल तर आजूबाजूला चार-सहा ठिकाणी टिचक्या मारून सर्वांत जास्त उंचीची चौकट शोधा आणि बिंदू तिथे हलवा. तरीही जी तूट राहील ती निरीक्षकाच्या उंचीत, म्हणजे बिंदूवरच्या डोळ्यांच्या जमिनीपासूनच्या उंचीत, मिळवा. सुळक्यांच्या बाबतीत ही तूट फार मोठी असते. लिंगाण्यासारख्या ठिकाणी ती न भरता काढलेले दृश्यक्षेत्र विश्वासाचे नाही.

सपाट माथ्याच्या किल्ल्यांवर उलटी गंमत असते. माथ्याच्या मधोमध बिंदू ठेवला तर पायथ्याची गावे, दरी, जवळची धरणे सगळी कोरी येतात, कारण माथ्याची स्वतःचीच कड नजर अडवते. लांबचे डोंगर मात्र व्यवस्थित रंगतात. हा निकाल चुकीचा नसतो. गडाच्या मध्यावर उभ्या माणसाला खरोखरच दरी दिसत नाही. पण तुम्ही तटावर किंवा कड्याच्या काठावर उभे राहणार असाल, तर बिंदूही तिथेच हवा. काठावर ठेवताना एक चौकट आत ठेवा. नेमक्या काठावरची चौकट माथा आणि उतार यांच्या मध्येच कुठेतरी लटकलेली असते, आणि बिंदू तिथे गेला तर मागचा माथाच भिंतीसारखा आडवा येतो. बिंदू आत घेतल्यावर निरीक्षकाची उंची पाच-सात मीटर दिली की काठावरून दिसणाऱ्या दृश्याच्या बरेच जवळ जाता येते.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हे या जाळीच्या मर्यादेचे सर्वांत चांगले उदाहरण. हा कडा आत वळलेला आहे, काही ठिकाणी माथा पायथ्याच्या पुढे झुकतो. डीईएममध्ये एका जागी एकच उंची मावते, त्यामुळे झुकलेला कडा त्यात नोंदताच येत नाही. तिथे तो एक तीव्र उतार बनतो. कड्याच्या थेट पोटातला भाग निकालात रंगलेला दिसला तरी तो प्रत्यक्षात दिसेलच असे धरू नका. पुढचे कोकण मात्र बरोबर येते.

उंचीचे आकडे

ॲप साधारण दोन उंच्या विचारते: निरीक्षकाची आणि लक्ष्याची. दोन्ही जमिनीपासूनच्या. उभ्या माणसाच्या डोळ्यांसाठी १.६ ते १.७ मीटर पुरे. लक्ष्याची उंची शून्य दिली तर जमीन दिसते का याचे उत्तर मिळते, ३० दिली तर तिथे ३० मीटरचा मनोरा असल्यास त्याचे टोक दिसेल का याचे. उगाच मोठा आकडा टाकला की सगळा नकाशा रंगून जातो आणि छान वाटते, पण त्याचा उपयोग नाही.

काही ॲप निरीक्षकाची उंची समुद्रसपाटीपासून मागतात किंवा जीपीएसवरून आपोआप भरतात. महाराष्ट्रात नवख्यांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. अँड्रॉइड फोनचा जीपीएस मुळात लंबगोलापासूनची उंची देतो. पश्चिम महाराष्ट्रात समुद्रसपाटीची पातळी त्या लंबगोलाच्या सुमारे ६० ते ७० मीटर खाली आहे. ॲपने दुरुस्ती केली नसेल तर १६४६ मीटरच्या माथ्यावर फोन १५८० च्या आसपास आकडा दाखवतो. एसआरटीएमची उंची मात्र समुद्रसपाटीपासूनची. दोन्ही एकत्र आले की निरीक्षक जमिनीच्या साठेक मीटर खाली गाडला जातो आणि बिंदूभोवतीचा इवलासा ठिपका सोडून काहीच रंगत नाही. कार्टोडीईएम आणि एसआरटीएम मिसळले तर फायलींच्या सीमेवर तेवढ्याच उंचीची खोटी भिंत उभी राहते. म्हणून पर्याय असेल तेव्हा नेहमी ‘जमिनीपासूनची उंची’ निवडा आणि जीपीएसचा आकडा बाजूला ठेवा.

त्रिज्या, वक्रता आणि किरण

पहिल्यांदा त्रिज्या १० किलोमीटर ठेवा. निकाल पटला की वाढवा. त्रिज्या दुप्पट केली की चौकटी चौपट होतात: ३० मीटरच्या जाळीवर १० किलोमीटरच्या वर्तुळात सुमारे साडेतीन लाख चौकटी, ५० किलोमीटरच्या वर्तुळात सत्त्याऐंशी लाख. जुना फोन इथे अडकतो किंवा ॲप बंद पडते. तेव्हा जाळी खराब करण्यापेक्षा त्रिज्या कमी करणे बरे.

पृथ्वीची वक्रता आणि प्रकाशाचे वक्रीभवन यांचा खटका असेल तर तो चालू ठेवा. वक्रतेमुळे लांबची जमीन खाली जाते, हवेतल्या वक्रीभवनामुळे त्यातला साधारण आठवा हिस्सा परत मिळतो. हिशेब सोपा आहे: किलोमीटरमधल्या अंतराचा वर्ग गुणिले ०.०६८३, उत्तर मीटरमध्ये. १० किलोमीटरवर सुमारे ७ मीटर, २५ वर ४३, ५० वर १७१ आणि १०० किलोमीटरवर ६८३ मीटर. खटका बंद असेल तर जवळच्या दरीत फरक पडणार नाही, पण पन्नास किलोमीटरपलीकडचे बरेच डोंगर खोटे दिसतील.

निकालात बिंदूपासून निघणाऱ्या सायकलच्या आरांसारख्या रेघा दिसल्या तर ॲप ठरावीक कोनांवर किरण सोडून हिशेब करते आहे असे समजा. एक अंशाच्या अंतराने किरण सोडले तर २० किलोमीटरवर दोन किरणांमध्ये जवळजवळ ३५० मीटरची फट पडते. अचूकता किंवा किरणांची संख्या वाढवायचा पर्याय असेल तर पाव अंशापर्यंत आणा. ती फट ९० मीटरच्या आत येते.

रंग वाचणे

आता तपासायची वेळ. एसआरटीएमच्या उंचीत १६ मीटरपर्यंतची चूक मोहिमेच्या निकषातच मान्य होती, आणि तीव्र उतारावर ती याहून जास्त असते. ही चूक लक्ष्यापाशी असेल तर फारसे बिघडत नाही. तुमच्याजवळ असेल तर बिघडते. बिंदूपासून ५०० मीटरवरची सोंड डेटात १० मीटर जास्त उंच नोंदली गेली, तर तिच्यावरून जाणारी नजर १० किलोमीटरवर २०० मीटर वर उचलली जाते. तेवढ्यात एक अख्खी डोंगररांग बुडते. म्हणून पहिल्या अर्ध्या किलोमीटरचा एवढा आग्रह.

यावर सोपी चाचणी आहे. तोच बिंदू, तीच त्रिज्या ठेवून निरीक्षकाची उंची २, ५ आणि १० मीटर देऊन तीनदा हिशेब करा. तिन्ही निकाल जवळपास सारखे आले तर दृश्यक्षेत्र भक्कम आहे. दोन आणि पाचमध्येच मोठमोठे तुकडे बदलत असतील तर जवळची एखादी कड सगळे ठरवते आहे, आणि त्या दिशेचा निकाल प्रत्यक्ष जागेवर पाहिल्याशिवाय खरा मानू नये. एकटे-दुकटे रंगलेले ठिपकेही असेच संशयास्पद. सलग पट्टे भरवशाचे.

एखाद्या विशिष्ट ठिकाणाबद्दल खात्री हवी असेल तर दृश्यक्षेत्रावर थांबू नका, उंचीचा छेद, म्हणजे मधल्या जमिनीच्या चढउताराचा आलेख, काढा. बहुतेक ॲपमध्ये दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ ओढली की छेद मिळतो. कळसूबाईवरून हरिश्चंद्रगड दक्षिणेला सुमारे २५ किलोमीटरवर. गडाचा सर्वोच्च भाग सुमारे १४२० मीटर. कळसूबाईपासून १४ किलोमीटरवर नजरेची रेघ किती उंचीवरून जाते? १६४६ मधून २२६ मीटरच्या उताराचा १४/२५ भाग वजा केला की १५१९ येतात. वक्रतेसाठी दोन्ही बाजूंची अंतरे, १४ आणि ११, गुणून ०.०६८३ ने गुणायचे: साडेदहा मीटर. तेही वजा केले की रेघ सुमारे १५०९ मीटरवर येते. याच टापूत, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या दक्षिणेला, घनचक्कर, गवळदेव आणि मुडा हे दीड हजार मीटरच्या घरातले डोंगर उभे आहेत. म्हणजे रेघ त्यांच्यावरून जाते की दोन डोंगरांच्या मधून, यावर गडाचा कुठला भाग दिसेल ते ठरते. लक्ष्याचा बिंदू गडाच्या विस्तीर्ण माथ्यावर थोडा पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकवून छेद पुन्हा काढा. अशा ठिकाणी वक्रतेचे साडेदहा मीटरसुद्धा हो आणि नाही यांच्यातला फरक ठरू शकतात. रेघ आणि मधला डोंगर यांच्यात वीस मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर उत्तर ‘शंकास्पद’ असेच लिहून ठेवा.

तुलनेला रतनगड घ्या. तोही दक्षिणेलाच, पण ११ किलोमीटरवर आणि सुमारे १३०० मीटर उंच, मध्ये भंडारदऱ्याचे खोरे. तिथे रेघ आणि जमीन यांच्यात भरपूर अंतर असते. डेटात वीस मीटरची चूक असली तरी निकाल हलत नाही.

डेटात नसलेल्या गोष्टी

झाडी. रडारची जाळी दाट जंगलात झाडांच्या शेंड्यांच्या जवळपासची उंची नोंदते, त्यामुळे जंगलात ठेवलेला बिंदू आपोआप झाडावर चढून बसतो आणि जास्तच दिसते. प्रत्यक्षात तुम्ही झाडाखाली असता. शहरातही हाल तेच: ३० मीटरच्या जाळीत इमारती धड उमटत नाहीत, धड जात नाहीत, म्हणून गल्लीबोळांतून काढलेल्या दृश्यक्षेत्राला काही अर्थ नाही. २००० नंतर झालेल्या खाणी, भराव, घाटरस्त्यांची कटाई हे एसआरटीएमला माहीत नाही.

हवाही गणितात नसते. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या स्वच्छ सकाळी जे साठ किलोमीटरवरून दिसते ते एप्रिलच्या धुरकट दुपारी वीस किलोमीटरवरूनही दिसत नाही. ॲपने रंगवलेला भाग म्हणजे मध्ये जमीन आडवी येत नाही, एवढेच.

उलटा हिशेब आणि वायरलेस

कळसूबाई कुठून कुठून दिसते, हा प्रश्न असेल तर बिंदू कळसूबाईवरच ठेवायचा, पण उंच्यांची अदलाबदल करायची: निरीक्षकाच्या रकान्यात माथ्याची भरून काढलेली तूट, लक्ष्याच्या रकान्यात १.७ मीटर. अदलाबदल विसरली तर फरक थोडा वाटतो, पण पठारावरच्या गावांमध्ये तो मोठा होतो.

मोबाइल मनोऱ्यासाठी किंवा वायरलेस जोडणीसाठी निरीक्षकाची उंची म्हणजे अँटेनाची उंची. रेडिओलहरी प्रकाशापेक्षा जास्त वाकतात, म्हणून वक्रीभवनाचा गुणांक निवडता येत असेल तर ‘चार तृतीयांश’ हा पर्याय घ्या. शिवाय रेघ नुसती मोकळी असून भागत नाही, तिच्याभोवती जागा लागते; तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ५ गिगाहर्ट्झवर १० किलोमीटरची जोडणी असेल तर मध्यावर पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची त्रिज्या सुमारे १२ मीटर असते आणि त्यातली किमान ६० टक्के, म्हणजे सात-साडेसात मीटर, मोकळी हवी. डेटाची चूक यात धरली तर छेदामध्ये वीस-पंचवीस मीटर अंतर दिसल्याशिवाय खांब उभारायला जाऊ नये.

जपून ठेवणे

हिशेब घरीच, चार्जरला लावून करा. डोंगरावर तो फोनची बॅटरी खातो आणि गरम फोन आणखी हळू चालतो. निकाल थर म्हणून जतन करता येत असेल तर नावातच सगळे लिहा: जागा, निरीक्षकाची उंची, लक्ष्याची उंची, त्रिज्या, डेटा. उदाहरणार्थ, ‘कळसूबाई, २ मी, ० मी, २५ किमी, एसआरटीएम ३०’. जतनाची सोय नसेल तर नकाशाच्या चार भागांचे स्क्रीनशॉट घेऊन त्यांना हेच नाव द्या. माथ्यावर गेल्यावर तीन ठिकाणे पडताळून पाहा: एक नक्की दिसायला हवे असे, एक नक्की न दिसावे असे, आणि एक शंकास्पद यादीतले. पहिल्या दोनांपैकी एक जरी चुकले तर बिंदूची जागा आणि उंची पुन्हा तपासा. फक्त तिसरे चुकले असेल तर डेटा आपल्या मर्यादेत बरोबर चालला आहे.